चाकाखालचं लिंबू

१

माझ्या पोराला, जयसिंगला, माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोलायचं म्हणजे आताशा जिवावर येतं. "जेवलास का?" "हो, जेवलो." "साईट कशी चाललीय?" "ठीक आहे." एवढं बोलून माणूस पाठ फिरवतो. माझी खोली वरच्या मजल्यावर. सख्खा मुलगा, पण जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून मला मोबाइल लावतो, "आई, खाली ये." पायऱ्या चढायला काय साहेबांचे पाय झिजतात? गणपतीत आरतीला उभा राहिला तर नुसते ओठ हलवले. ह्याच्या आवाजात एके काळी झांजा बुडायच्या. चार इमारती बांधल्या म्हणजे आईशी बोलायला हप्ता बांधून घ्यायचा का, असं मी त्याला चारचौघांत विचारलं. तर मान खाली घालून निघून गेला.

शाळेत मी दोन बुकं शिकले. पण माणूस कळायला शाळा लागत नाही, असा मला गर्व होता. त्या गर्वाची दिवाळीत कशी वाट लागली ते सांगते.

दिवाळीत माझ्या घरात चोरी झाली. दागिना गेला नाही, भांडं गेलं नाही. मालकांचा वास गेला.

आमचे मालक म्हणजे ज्यांना सगळी विश्रांतवाडी आप्पासाहेब म्हणायची. गेल्या माघात गेले. दम्यानं. जन्म शेतात गेला आणि म्हातारपणी शेतं गेली, त्यांच्या जागी आळंदी रस्त्याचा धूर आला. सहाआसनी रिक्षा काळं ओकत जायच्या, कचऱ्याच्या गाड्या जायच्या, हवा फिरली की नदीची घाण यायची. मालकांनी एक छोटी पांढरी गाडी घेतली आणि त्या गाडीत धुराला पाय ठेवू द्यायचा नाही, असं ठरवलं. दारांची रबरं दर उन्हाळ्यात बदलायची. इंजिनातून तारा आत येतात त्या भोकात आपल्या जुन्या फेट्याची पट्टी कोंबलेली. स्टिअरिंगशेजारच्या फळीत एक खटका होता. उजवीकडं सरकवला की बाहेरची हवा आत येते, डावीकडं सरकवला की आतलीच हवा आत फिरते. तो कायम डावीकडं.

मला वाऱ्याची हौस. बिबवेवाडीला नणंदेकडं, सरुबाईकडं, निघालो की मी म्हणायची, "अहो, जरा काच खाली घ्या की. तोंडावर वारा येऊ द्या."

"मथुरे, वारा आता वारा राहिला न्हाई," म्हणायचे. "घरी गेल्यावर गच्चीत बस."

एवढ्या वर्षांत एकदाही काच खाली घेतली नाही. आणि आता बघा, मीच त्या काचा बंद ठेवून बसले होते. कारण त्या बंद गाडीत ते राहिले होते. सीटवरच्या घोंगडीचा वास, खोबरेलाचा वास, स्टिअरिंगपाशी टांगलेल्या ओवा-कापराच्या पुरचुंडीचा वास, आणि या सगळ्यांच्या खाली त्यांचा स्वतःचा. घरातले त्यांचे कपडे धुतले गेले, खोलीला रंग दिला गेला. गाडी तेवढी राहिली. ती मी कुणाला चालवू दिली नाही. आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली. अमावस्येला किंवा सणाला जायची, दार अंगापुरतं उघडून आत शिरायची आणि पटकन ओढून घ्यायची. दार उघडलं की वास सांडतो. मी डाव्या हाताला, माझ्या जागेवर, बसायची. त्यांच्या जागेवर कधी बसले नाही. स्टिअरिंगवर धूळ साचली तीही पुसली नाही, तिच्या खाली त्यांचा हात होता.

दसऱ्याला गाडीची पूजा केली. झेंडूची माळ घातली, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, आत बसले. ते होते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दार उघडलं आणि तोंडावर धूर आला. बंबातला नव्हे, फटाक्याचाही नव्हे. गाडीचा धूर, जुनाट, घशाला चिकटणारा. मागच्या सीटकडं जास्त, पुढं कमी. मी घोंगडीत नाक खुपसलं. घोंगडीही धुराचीच. मालक कुठंच नव्हते.

काचा बंद होत्या. खटका डावीकडंच होता. पण ओव्याची पुरचुंडी नव्हती, आणि स्टिअरिंगच्या वरच्या अंगाला धुळीत दोन रुंद पट्टे पुसले गेले होते.

गाडीच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या कनवटीला. दुसरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. म्हणजे चोर माझ्या घरचंच मीठ खात होता.

२

पहिला धरला संभाजीला. मोठ्या गाडीवरचा आमचा ड्रायव्हर. मालकांच्या हाताखाली तयार झालेला, आणि पाहुण्यारावळ्यांत भारी लोकप्रिय. फुकट गाडीवाला कुणाला नको?

"संभा," मी म्हटलं, "कुणाच्या मेव्हणीला आळंदीला नेऊन आणलंस?"

"कुठली मेव्हणी, आईसाहेब?"

"ती तूच सांगायची. मालकांची गाडी भायेर काढलीस. आत धूर भरलाय. तुझ्या मेव्हणीला काच उघडी लागती वाटतं."

पोरगं पांढरं पडलं. "आईसाहेब, त्या गाडीच्या दाराला मी हात लावला न्हाई. आप्पासाहेबांची शपथ."

"त्यांची शपथ घेऊ नकोस. ते आता तुझी बाजू घ्यायला येत न्हाईत."

"मग चला," म्हणाला. घाबरला होता, पण डोळे चुकवत नव्हता. "चला शेडात. तुम्हीच बगा."

शेडात गेलो. दसऱ्याची माळ वाळून कुरकुरीत झाली होती. संभाजी गुडघ्यावर बसला आणि पुढच्या चाकाकडं बोट दाखवलं. मीही वाकले, कमरेनं केवढी कुरकुर केली.

चाकाच्या पुढ्यात, रबराला अगदी टेकून, माझं दसऱ्याचं लिंबू होतं. सुकलेलं, तपकिरी, पण अख्खं. त्याच्यावरचं हळदीकुंकूही जागच्या जागी.

"गाडी काढायची तर ह्याच्यावरनंच जायला लागतं," संभाजी म्हणाला. "मागं तर भिंतच हाय."

लिंबू मीच ठेवलं होतं, माझ्या हातानं, चाकाला टेकवून. कुणी उचलून परत ठेवलं असतं तर कुंकू सांडलं असतं. मालक म्हणायचे, पूजेचं लिंबू चिरडल्याशिवाय गाडी दाराबाहेर जात नाही. ते चिरडलं नव्हतं.

म्हणजे गाडी दसऱ्यापासून जागची हलली नव्हती. आणि आत रस्त्यावरचा धूर होता.

काचा बंद, खटका बंद, गाडी उभी. मग धूर आला कुठून?

३

सूनबाईवर माझा संशय जुना. शालू मनानं वाईट नाही, पण नाकाची फार श्रीमंत. घरात पाऊल टाकलं की फवारा मारते. संडासात गुलाब, दिवाणखान्यात मोगरा, आणि देवघरात चंदन असताना वर चंदनाचा फवारा. मालक गेल्यावर तिनंच म्हटलं होतं, "आत्याबाई, गाडी एकदा आतून धुऊन घेऊ या, फार कोंदट वास येतो." तेव्हा मी तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.

ती उद्याच्या पाडव्याचं ताट मांडत होती. दिव्याच्या वाती, सुपारी, अंगठी. मागच्या वर्षी पाडव्याला मीही मांडलं होतं. ते पाटावर बसले होते, ओवाळताना त्यांना ढास लागली आणि ज्योत विझली. "परत पेटव," म्हणाले, "मी कुठं जातोय."

"शालू," मी म्हटलं, "मालकांच्या गाडीत तुझा फवारा मारलास का?"

"मी?" तिनं ताट खाली ठेवलं. "आत्याबाई, त्या गाडीपाशी मी जात नाही. खरं सांगू? त्या ओव्याच्या वासानं मला रडू येतं. आप्पा मला लग्नात म्हणाले होते, पोरी, तुझं नाक माझ्यासारखं आहे, तू या घरात टिकशील."

हे मला ठाऊक नव्हतं. माझा माणूस दुसऱ्या कुणाला असं काही बोलला होता आणि ते मला आज कळत होतं, म्हणून मला रागही आला आणि अजून ऐकावंसंही वाटलं.

"मग खिळ्यावरची किल्ली कुणी काढली?"

ती उठून दाराकडं गेली. मग दार लोटून आली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू? यांचं बाहेर काही आहे का?"

"काही म्हणजे?"

"कुणी बाई." तिचे डोळे भरले. "दुपारी जेवायला येतात आणि मग कुठं असतात कळत नाही. फोन उचलत नाहीत. रात्री शेजारी झोपत नाहीत. म्हणतात, तू झोप, मला काम आहे. मी पाणी प्यायला उठते तर दिवाणखान्यात टेबलाशी बसलेले, दिवा बंद. कागद नाही, काही नाही. मी आले की म्हणतात, जा, झोप."

माझ्या अंगाची आग झाली. बापानं ज्या गाडीत धुराला येऊ दिलं नाही, त्या गाडीत बसून हा पोरगा कुणा टवळीशी फोनवर गुलूगुलू करतो? आणि आईला दोन शब्द!

पण बोलणं वेगळं आणि धूर वेगळा. फोनवर बोलून धूर होत नाही.

४

वरच्या मागच्या दोन खोल्यांत आमचे भाडेकरू यज्ञेश्वरराव राहतात. बुधवार पेठेत जन्म गेला, पेन्शन घेऊन इकडं आले. दगडूशेठच्या गर्दीला कंटाळून आले म्हणतात आणि इथं आल्यापासून त्याच गर्दीची आठवण काढतात. मी जिन्यात भेटले की पहिलं वाक्य तक्रारीचंच असतं. म्हणून म्हटलं, आज आपणच विचारू.

"यज्ञेश्वरराव, आमच्या शेडाबद्दल काही तक्रार?"

"तक्रार कसली?" चष्मा कपाळावर नेत म्हणाले. "तुमच्या शेडच्या वरच माझी खिडकी. दुपारची झोप मोडून धूर घ्यायचा, हा भाड्यातच धरला असेल, असं समजून मी गप्प आहे."

"धूर? कधीपासून?"

"दसरा झाला आणि सुरू झाला. मला वाटलं, तुम्ही मिस्टरांच्या स्मरणार्थ इंजिन चालू ठेवता. कुणाच्या श्रद्धेत आपण कशाला पडा."

"रोज?"

"जवळजवळ. आपल्या सूनबाई आणि तो सारथी मोठ्या गाडीतून सूनबाईंच्या दुकानाकडं गेले की खाली शेडचं दार लागतं, आणि मग घुर्रर. त्यांची गाडी परत फाटकात वाजली की बंद. एकदम वक्तशीर धूर. आपल्याकडं एवढं एकच वेळेवर होतं."

मी खाली आले, संभाजीला बोलावलं आणि बॉनेट उघडायला लावलं. मालक गेल्यापासून गाडीला कुणी चावी लावली नव्हती. बॅटरी मेलेलीच असायला हवी.

संभाजीनं डोकं आत घातलं आणि तसाच राहिला. "आईसाहेब, बॅटरी नवीकोरी हाय. अजून कागद चिकटलेला."

मग मी मागं गेले. धुराचा पाइप भिंतीकडं तोंड करून. भिंतीच्या चुन्यावर त्याच्या उंचीला काळा गोल उमटला होता. डिकीच्या दाराचं रबर खालच्या कोपऱ्यात उंदरानं कुरतडलं होतं, आणि त्या फटीच्या कडेनं आत काजळीची रेघ. म्हणून मागं जास्त, पुढं कमी.

उलगडा झाला. गाडी हलली नव्हती, पण चालली होती. उभ्या उभ्या, बंद शेडात, रोज. तिचाच धूर शेडात कोंडला आणि उंदराच्या फटीतून आत आला. बाहेरचा धूर नव्हताच तो.

मालक असते तर संभाजीला धरून गाडी आधी ढकलत बाहेर काढायला लावली असती. "दार बंद ठेवून कधी चालू करू नका रे," म्हणायचे, "आपलाच धूर आपल्याला आधी खातो." पण हे ज्याला ठाऊक तो संभाजी तर दुकानाकडं असायचा. शालूही. यज्ञेश्वरराव वर खिडकीत. नवी बॅटरी आणणारा, खिळ्यावरची किल्ली काढणारा, दुपारी घरात राहणारा एकच.

"जयसिंग," मी मोठ्यानं म्हटलं.

त्याला समोर बसवला. "बापाच्या गाडीत रोज दुपारी एसी लावून कुणाशी बोलतोस?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. उत्तर द्यायला वेळ घेतला, जसा हल्ली घेतो.

"कुणाशी... नाही."

"मग काय करतोस?"

"बसतो नुसता." उठला. "गाडी विकून टाक, आई."

आणि गेला. एवढा उद्दाम जवाब मी जन्मात ऐकला नव्हता. वास चोरलास, वर गाडी विक म्हणतोस?

चोर सापडला होता. पण मला रात्रभर झोप लागली नाही, कारण एक गोष्ट बसत नव्हती. फोनवर लाडीगोडी करणारा माणूस ओव्याची पुरचुंडी कशाला नेईल?

५

पाडव्याची संध्याकाळ. गल्लीत माळा फुटत होत्या, रस्त्यावर निळसर धूर तरंगत होता. पाट मांडला, रांगोळी झाली, ताटात दिवे लागले. जयसिंग नाही.

शालू ताट घेऊन उभी. "दुपारपासून घरात होते. मी जरा माळ्यावरनं पणत्या काढायला गेले तर..." तिनं खांद्यानं डोळे पुसले. "आजच्या दिवशीसुद्धा, आत्याबाई."

"रडू नकोस. मला नीट सांग. रातचा टेबलाशी बसतो म्हणालीस. कसा बसतो?"

"कसा म्हणजे? असे." तिनं ताट संभाजीच्या हातात दिलं आणि खुर्ची ओढून बसली. दोन्ही हात कोपरापासून टेबलावर आडवे ठेवले, खांदे वर घेतले आणि पुढं वाकून कपाळ हातांवर टेकवलं. "उशी दिली तर घेत नाहीत. आडवं व्हा म्हटलं तर चिडतात."

मी तिच्याकडं बघत राहिले. शालू दिसेना. तिच्या जागी मालक दिसायला लागले. शेवटच्या हिवाळ्यात ते असेच बसायचे. खाटेवर उशांचा ढीग, त्यावर हात आडवे, खांदे कानांपाशी, एकेक श्वास विहिरीतून पाणी शेंदल्यासारखा.

स्टिअरिंगवरचे ते पट्टे. गाडी चालवणाऱ्याचे पंजे कडेला असतात. हे वर होते, आणि हाताएवढे रुंद. तिथं कुणी हात धरला नव्हता. तिथं कुणी वाकून पडलं होतं.

आणि मग सगळं एकामागून एक उभं राहिलं, जणू मी इतके दिवस आंधळी होते. जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून फोन करणारा. आरतीला नुसते ओठ हलवणारा. दोन शब्द बोलायचा, कारण तिसऱ्याला दम पुरत नव्हता.

मी त्याला माज म्हणत हिंडले.

"संभा," मी ओरडले, "ताट ठेव! शेडात चल!"

"काय झालं, आत्याबाई?"

"त्याला बाई न्हाई गं! त्याला बापाचा दमा हाय! भायेर फटाक्याचा धूर, म्हणून तो गाडीत जाऊन बसलाय, आणि गाडीत..."

पुढचं बोलले नाही. अंगणात आलो तर फटाक्यांच्या आवाजाखालून ऐकू आलं. पत्र्याआड इंजिन घरघरत होतं. शेडचं दार आतून लावलेलं.

संभाजीनं खांदा मारला. एकदा, दोनदा. पत्रा वाकला, कडी तुटली. आतून धुराचा लोट आला, माझ्या डोळ्यांना काही दिसेना. मी नाकाला पदर लावला आणि माझ्या दारानं, डाव्या दारानं, आत हात घातला. जयसिंग स्टिअरिंगवर आडवे हात ठेवून, त्यावर कपाळ टेकून बसला होता. मी हाक मारली. हलला नाही.

संभाजीनं चावी फिरवली. शालूनं आणि त्यानं मिळून जयसिंगला ओढलं, मी पाय धरले. अंगणात तुळशीपाशी आणून टेकवला. ओठ बघून मला माघ आठवला. शालू त्याच्या गालावर मारत होती, "अहो, अहो, बघा ना इकडं."

"धर," मी तिला म्हटलं, "ह्याचं डोकं वर धर. आडवा करू नको. आपल्या घरच्या माणसाला आडवं करायचं नसतं."

त्याच्या मुठीत काहीतरी होतं. बोटं उघडली. ओव्याची पुरचुंडी. ती मी त्याच्या नाकाशी धरली, तेव्हा मला तिचा वास आला. धुराच्या खालून, अगदी पुसट. ओवा, कापूर आणि मालक. सगळ्या गाडीतून गेलेले ते एवढ्याशा फडक्यात उरले होते.

यज्ञेश्वरराव वरून ओरडत होते, "अहो, रुग्णवाहिका सांगितली आहे मी! वारा येऊ द्या त्याला, गर्दी करू नका!"

आणि जयसिंगनं श्वास ओढला. करवतीसारखा, मोठा, बापासारखा.

६

भाऊबीज दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी सांगितलं, दमा तर जुनाच, पण त्या दिवशी त्याला मारत होता तो शेडातला धूर. आणखी थोडा उशीर झाला असता तर. पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. चांगलं केलं.

घरी आला त्या दुपारी मी संभाजीकडून गाडी ढकलून अंगणात काढून घेतली. निघताना पुढचं चाक लिंबावरून गेलं, फट्‌ असा आवाज झाला. चारी दारं उघडायला लावली, डिकीही. घोंगडी काढून दोरीवर टाकली. तो व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता, उशीवर हात टेकून. आता लपवायचं काही राहिलं नव्हतं, म्हणून उघड बसला होता.

"आई," म्हणाला. थांबला. "सगळी दारं... उघडलीस?"

"दिसतंय ना."

"आप्पांचा वास..." पुन्हा थांबला. मी पहिल्यांदा त्याला थांबू दिलं. "माझ्यामुळं गेला. मला वाटलं... तुला कळणार नाही."

"मला न्हाई कळणार? नाक तुझ्या बायकोलाच हाय का?"

शालू मागं उभी होती, डोळे पुसत हसली.

"का रे बसायचास तिथं? डॉक्टर होता की. औषध होतं की."

"होतं." त्यानं खिशातून निळा पंप काढून दाखवला. "साईटवर ठेवायचो. घरात घेतला असता तर... तू बघितलं असतंस." दोन श्वास ओढून घेतले. "तू आप्पांना... तसं बघितलंस. पुन्हा कशाला. आणि आई, या सगळ्या पुण्यात... एवढी एकच जागा होती. धूर नसलेली. आप्पांनी केलेली. काचा बंद... म्हणून एसी लावायचो. आत बसलं की... ते शेजारी आहेत असं वाटायचं."

म्हणजे माझ्यासारखंच. मी डाव्या सीटवर बसून त्यांना उजवीकडं शोधत होते, तो उजव्या सीटवर बसून. मी सणाला जायची, तो दुपारी. एका गाडीत, एका माणसाच्या पाठीमागं, आणि एकमेकांना चोरून.

वाऱ्याची एक झुळूक आली. फाटकातून शिरली, एका दारानं गाडीत गेली आणि दुसऱ्या दारानं निघाली. घोंगडी हलली. या गाडीतून वारा जाताना मी पहिल्यांदाच बघत होते. थोडा धूर होता त्यात, आळंदी रस्त्याचा. थोडी कुणाच्या तरी फराळाची भाजणी होती. मालक नव्हते. मी जरा वेळ नाक तिकडं धरून ठेवलं, खात्री करायला.

मग कनवटीची पुरचुंडी काढली. दवाखान्यात ती माझ्याजवळ होती, रात्री उशाशी घेऊन मी तीतलं उरलंसुरलं सगळं हुंगलं होतं. ती त्याच्या हातात दिली.

"ही तुझी."

"नको, आई. तुझ्याकडं... एवढंच राहिलंय."

"मधे बोलू नको. आता मी निकाल देते, सगळ्यांसमोर, आणि यज्ञेश्वरराव, तुम्हीही ऐका, खिडकीत उभेच आहात तर." मी पदर खोचला आणि पोराच्या समोर जाऊन उभी राहिले. "वास नेलास, तो गुन्हा मी माफ केला. तो वास तुझ्या बापाचा होता, तुझा अर्धा वाटा होताच. बायकोला रडवलंस, त्याचं तिच्या पाया पडून निस्तर, पाडव्याचं ताट अजून तसंच हाय. पण एका गुन्ह्याला माफी न्हाई. तू माझ्यापासून तुझी धाप लपवलीस. माझ्या मालकांची धाप मी इतकी वर्षं ऐकली, तीच ऐकू येईना म्हणून मी त्या गाडीत जाऊन बसत होते. तर शिक्षा ऐक, जयसिंग. उद्यापासून तुझी खाट वर, माझ्या खोलीत. चढता येत न्हाई तर मी खाली येते, माझे पाय अजून झिजले न्हाईत. दोन शब्द बोल, एक बोल, न बोललास तरी चालंल. पण ह्या घरात इथून पुढं कुणी लपून श्वास घ्यायचा न्हाई. मोठ्यानं घ्यायचा. मला ऐकू येईल असा."